फलाटावर पडलेला माणूस

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



काल याच व्यासपीठावर मुलांच्या नाट्यछटा झाल्या आणि उद्या महिलांची पाककृती स्पर्धा आहे. मधल्या संध्याकाळी दारू आणि कायदा या विषयावर भाषण ठेवायची कल्पना कोणाची, असं मी सचिवांना विचारलं, तर ते नुसते हसले. मी वकील नाही, पोलीसही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांवरचा माणूस. वीस-बावीस वर्षं गिट्टी, स्लीपर आणि गँग यांच्यात गेली. त्यामुळे बोलण्यात कायद्याची भाषा कमी आणि फलाटाची जास्त येईल, ती गोड मानून घ्या.

विषय का निघाला, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री आपल्या मिरवणुकीच्या शेवटी नाचणारी दोन मुलं पोलिसांनी उचलली. दोघंही एकाच बाटलीतून प्यायलेली. एकासाठी ओळखीतून फोन गेला आणि तो तासाभरात घरी आला. दुसऱ्याचं रक्त तपासायला गेलं, केस उभी राहिली, आणि तो अजून तारखांना जातो. फोन करणारा आपल्यातलाच होता. मी त्याला नावं ठेवत नाही. माझा मुलगा असता तर मीही फोन शोधत बसलो असतो. पण त्या रात्रीनंतर मला माझीच एक जुनी गोष्ट फार आठवू लागली. ती आधी सांगतो.

थंडीचे दिवस होते. एका लहान स्टेशनवर आमचा ब्लॉक रद्द झाला होता आणि मी दोन गँगमनबरोबर परतीच्या पॅसेंजरची वाट पाहत होतो. गाडी नेहमीप्रमाणे लेट. फलाटावर पंचावन्न-साठ वर्षांचे एक गृहस्थ झोकांड्या खात फिरत होते. जीभ जड झालेली, बोलणं काही कळेना. पोर्टर त्यांना बाकावर बसवायला गेला, तर त्याच्या अंगावर ओरडले आणि मग बाकाशेजारीच आडवे झाले. इथल्या भाषेत आपण सगळे म्हणतो तेच मीही म्हणालो, "पीधेला आहे. बाहेर काढा याला." माझ्या दोन माणसांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली ठेवलं. पाच मिनिटांत काम झालं. मी परत येऊन पेपर वाचत बसलो.

अर्ध्या तासाने चहावाला धावत आला. त्याच्या घरात वडिलांना मधुमेह, म्हणून त्याला शंका आली होती. एवढ्या थंडीत या माणसाला घाम कसा? त्याने खिसा चाचपला, तर इन्शुलिनच्या चिठ्ठीची घडी निघाली. त्यांना घोट गिळता येत होता, म्हणून त्याने दोन चमचे जास्त साखर घालून चहा पाजला. मी पोचलो तेव्हा गृहस्थ झाडाला टेकून बसले होते. सकाळी इंजेक्शन घेतलं, गाडी लेट झाली, जेवण राहिलं, आणि रक्तातली साखर खाली गेली. मफलर सुटला होता आणि गळ्यात तुळशीची माळ दिसत होती. खानदेशातले माळकरी, मुलीकडे आलेले. माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे मराठीत म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलत होतात ते सगळं ऐकू येत होतं मला. उत्तर देता येत नव्हतं."

त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर मला काय उत्तर देता आलं असतं, हे पाहण्यासाठी मी पहिल्यांदा कायदा उघडून वाचला. आपल्याला नियमपुस्तक वाचायची सवय आहेच. म्हटलं, तसंच वाचू.

पहिलं कलम आपल्या घरचंच, १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४५. गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत कोणी नशेत असेल, किंवा उपद्रव देत असेल, शिवीगाळ करत असेल, तर कोणताही रेल्वे कर्मचारी त्याला रेल्वेच्या हद्दीबाहेर काढू शकतो. तिकीट किंवा पास जप्त होतो. वर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड, असं मूळ कायद्यात लिहिलं आहे. आता यातले शब्द नीट बघा. 'कोणताही कर्मचारी', म्हणजे मी, माझा गँगमन आणि तो पोर्टरसुद्धा. 'नशेत', म्हणजे किती, याचा आकडा दिलेला नाही. आणि 'बाहेर काढू शकतो', पण बाहेर म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नाही. रात्री एक वाजता रानातल्या स्टेशनाबाहेर काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. कुत्री, अंधार, आणि शंभर पावलांवर पुन्हा रूळच. म्हणजे मी त्या दिवशी जे केलं, ते कलमाच्या अक्षरात जवळजवळ बसत होतं. फक्त तो माणूस प्यायलेला नव्हता.

मग मी मागे मागे वाचत गेलो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ५१० नावाचं एक छोटं कलम होतं. दारूच्या नशेत सार्वजनिक जागी येऊन कोणाला त्रास होईल असं वागणाऱ्याला चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे दहा रुपये तब्बल दीडशे वर्षांहून जास्त काळ तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३५५ कलमात दंड हजार रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षाही देता येऊ लागली. चोवीस तास मात्र तेच आहेत. मला हे कलम शहाणपणाचं वाटतं. नुसतं पिणं हा त्यात गुन्हा नाही, दुसऱ्याला त्रास झाला पाहिजे. आणि चोवीस तास म्हणजे साधारण उतरायला लागणारा वेळ, हा आपला माझा हिशोब. पोलीसही या कलमाखाली वॉरंटशिवाय धरू शकत नाहीत.

पण आपण राहतो गुजरातेत, आणि इथला हिशोब वेगळा आहे. इथे दारूबंदीचा कायदा आहे, आणि गंमत म्हणजे तो आपल्याच घरून आलेला आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली केला. १९६० मध्ये दोन राज्यं झाली, कायदा दोघांच्या वाट्याला आला, आणि पुढे दोघांनीही त्यातलं 'मुंबई' काढून आपापलं नाव घातलं. महाराष्ट्रात तो परवान्यांनी सैल झाला. कायद्याने तिकडेही पिणाऱ्याजवळ परवाना हवा, पण मुंबईला जाणाऱ्या आपल्या किती पाहुण्यांना हे माहीत असेल, देव जाणे. इथे तो घट्ट राहिला. २०१७ साली तर दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड झाला, आणि पिऊन धिंगाणा घालणाऱ्याची शिक्षाही वाढली.

या कायद्याचं ८५ वं कलम रस्त्यावरच्या दारुड्याबद्दल आहे. त्यात तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत. एक, प्यायलेला आणि स्वतःला सांभाळू न शकणारा. दोन, दारूच्या अंमलाखाली गोंधळ घालणारा. तीन, नुसता प्यायलेला, पण परवाना नसलेला. स्वतःला सांभाळू न शकणारा यादीत पहिला आहे, हे वाचून मी थबकलो. मला वाटलं होतं तो दवाखान्याच्या यादीत असेल.

तरी एक सांगितलं पाहिजे. ज्यांनी हा कायदा चालवला, त्यांना डोळ्यांनी ओळखण्यातला धोका फार लवकर कळला होता. १९५९ मध्ये दुरुस्ती होऊन रक्ततपासणी आली. शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर प्यायल्याचं गृहीत धरायचं; मग ते औषधातून आलं वगैरे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. रक्त कसं काढायचं याचे नियमही त्याच वर्षी झाले आणि ते एखाद्या इंजिनिअरने लिहावेत इतके बारीक आहेत. पाच सी.सी. रक्त घ्यायचं. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. आणि सुई टोचायच्या आधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही. कारण उघड आहे, स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. पुसायच्या बोळ्यातलं थोडं जरी नमुन्यात गेलं, तरी निर्दोष माणूस अडकायचा. गडबडीच्या रात्री, डॉक्टरांपुढे रांग असताना, हा बोळा कितीदा आठवत असेल याचा मी विचार करतो.

१९७१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण गेलं होतं. माणसाच्या तोंडाला वास होता, चाल डळमळीत होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. रक्त मात्र तपासलं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की एवढ्यावरून तो दारू प्यायला होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. मंडळी, ती यादी वाचताना माझ्यासमोर लिंबाखालचे ते गृहस्थ आले. डळमळणारी चाल होती, असंबद्ध बोलणं होतं. मी तर वाससुद्धा घेतला नव्हता. आणि वासावरही जाऊ नका. साखर फार वाढलेल्या काही रोग्यांच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. डोक्याला मार लागलेला, फिट येऊन गेलेला, अर्धांगाचा झटका आलेला, हे सगळे लांबून दारुड्यासारखेच दिसतात. शिवाय प्यायलेला माणूस पडूनही डोकं फोडून घेतो, तो वेगळाच.

यंत्र असलं की प्रश्न मिटला, असंही नाही. आपले लोको पायलट बंधू इथे बसले आहेत. लॉबीत ड्यूटीवर हजर होताना त्यांना यंत्रात फुंकावं लागतं, आणि होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब घेऊन फुंकलं तर काय होतं, हे त्यांना विचारा. २०२५ साली केरळात सरकारी बसच्या काही चालकांचं फुंकणं असंच अडकलं. शोध घेतला तर त्यांनी फणसाचे गरे खाल्ले होते! पिकलेला फणस थोडा आंबला की यंत्राला तेही चालतं. तिथे निदान कोणीतरी थांबून पुन्हा तपासलं. आणखी एक मजा सांगतो. मोटार चालवणाऱ्यासाठी हद्द तीस मिलिग्रॅमची, आणि दंड २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार. म्हणजे रक्तात चाळीस असलेला माणूस गाडी चालवताना नशेत, आणि तोच गाडी लावून चालू लागला की इथल्या रक्ताच्या कलमाला पुरत नाही. रेल्वेत शिरला की पुन्हा सगळं आपल्या नजरेवर.

बिहारमध्ये नोकरी करून आलेले आपले सहकारी तिकडची हकिकत सांगतात. २०१६ च्या एप्रिलपासून तिथे पूर्ण दारूबंदी झाली आणि पिणाऱ्यालाही थेट तुरुंगाची भीती आली. जामिनाचे अर्ज इतके साठले की २०२१ च्या डिसेंबरात देशाच्या सरन्यायाधीशांनी, न्या. रमणा यांनी, जाहीर भाषणात हा कायदा पुढचा विचार न करता केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून सांगितला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने दुरुस्ती केली आणि पहिल्यांदा सापडलेल्याला दोन ते पाच हजार दंड भरून सुटता येऊ लागलं. कायदा किती कडक, यापेक्षा तो कोणावर आणि कितव्या वेळी चालतो, यावर सगळं असतं.

आता जरा अवघड भाग. इथे माझ्याच गँगमधली काही माणसं बसली आहेत, म्हणून जपून पण खरं सांगतो.

लिंबाच्या झाडानंतर मी ठरवलं की यापुढे नजरेवर काही करायचं नाही, पुस्तकाप्रमाणे जायचं. दोन वर्षांनी रात्रपाळीला एक ट्रॅकमन प्यायलेला आला. रेल्वे कायद्याचं १७२ वं कलम अशासाठीच आहे. ड्यूटीवर नशेत असलेल्या कर्मचाऱ्याला दंड, आणि त्याच्या कामाने प्रवाशांना धोका होणार असेल तर वर्षापर्यंत कैद. मी त्याला रुळावर जाऊ दिलं नाही. खोलीत बसवलं, पाणी दिलं, मेमो केला आणि रेल्वेच्या डॉक्टरांकडे पाठवला. अहवाल आला, कारवाई झाली, त्याची पगारवाढ थांबली. त्याची बायको माझ्या क्वार्टरवर आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, त्या दिवशी नुसतं घरी पाठवलं असतंत तर?"

मी म्हणालो, वहिनी, घरी पाठवला असता तर तो रुळावरूनच चालत गेला असता. हे खरंच आहे, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. पण तिला एक गोष्ट सांगितली नाही, ती आज सांगतो. त्याच्या आधी चार वर्षं, तपासणीवर आलेले एक वरिष्ठ रात्री पायावर उभे राहू शकत नव्हते. त्यांना मी स्वतः आधार देऊन जीपमध्ये बसवलं, बूट काढले, खोलीपर्यंत पोचवलं आणि दार ओढून घेतलं. त्या रात्री मला १७२ आठवलं नाही. माळकरी गृहस्थ अनोळखी होते, त्यांना झाडाखाली ठेवलं. ट्रॅकमन हाताखालचा होता, त्याला मेमो. साहेबांना उशी. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. ते मीच ठरवलं, तीन वेळा, तीन तऱ्हांनी. विसर्जनाच्या रात्री दोन मुलांचं जे झालं त्याबद्दल पोलिसांना नावं ठेवण्याआधी मला हे बोलणं भाग होतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. बंदी असलेल्या राज्यात जो रस्त्यावर पडतो, तो बाटलीचीच प्यायलेला असेल असं नाही. पोटलीतलीही असते. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत लठ्ठ्याने शंभराहून जास्त माणसं गेली. २०२२ च्या जुलैत बोटादकडे चाळिसाहून जास्त; तिथे तर कारखान्याचं मिथाइल अल्कोहोल पाणी घालून विकलं होतं. हे विष लगेच दिसत नाही. माणूस प्यायल्यासारखा झोपतो, घरचे म्हणतात उतरेल सकाळी. कित्येक तासांनी डोळ्यांपुढे धूसर होऊ लागतं, पोटात दुखतं, श्वास वाढतो. लवकर दवाखान्यात नेलं तर त्यावर उपचार आहेत. पण नेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो पोलीस केसचा. 'कुठून आणली' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल म्हणून माणूस घरातच ठेवला जातो. म्हणून आपल्या वस्तीत कोणी पिऊन पडला आणि त्याला दिसत नाही म्हणू लागला, तर केसचं नंतर बघू, आधी १०८ ला फोन. एवढं तरी घरोघरी सांगा.

आता या वर्षीच्या मिरवणुकीचं. सचिवांशी माझं बोलणं झालं आहे. कोणी डगमगताना दिसला, तर स्वयंसेवकांनी त्याला थोबाडीत मारायची नाही, खिसे तपासायचे नाहीत. तसा अधिकार आपल्याला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. त्याला गर्दीतून बाजूला घ्यायचा. नाव, घर, मधुमेह आहे का, हे विचारायचं. गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्यायचं. मधुमेही असेल तर ते लागेल, आणि नसेल तरी दोन घोटांनी काही बिघडत नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचा आणि १०८. एकट्याला सोडायचं नाही. गोंधळ घालत असेल आणि ऐकत नसेल, तर पोलिसांना बोलवायचं, आणि एक माणूस शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहील; रक्त काढताना डॉक्टरांना स्पिरिटचं नम्रपणे विचारील. फोन करायचाच झाला तर दोन्ही मुलांसाठी करायचा, नाहीतर कोणासाठीच नाही. तलाव मार्गावर फाटक लागतं, तिथे कोणी रुळात बसलेला दिसला तर मला सांगा, किंवा १३९ फिरवा.

माझं नाव स्वयंसेवकांच्या यादीत पुढे, पालखीजवळ होतं. ते काढून अगदी शेवटी, ढोलपथकाच्याही मागे घालायला सांगितलं आहे. ग्लुकोजचे पुडे आणि पाण्याचे कॅन घेऊन हातगाडी असेल. बरोबर एक जण लागणार होता. गेल्या वर्षीच्या दोघांपैकी ज्याची केस चालू आहे, त्याला मी परवा विचारलं. त्याची तारीख विसर्जनानंतर आहे, म्हणून येतो म्हणाला.